उलटलेली बाबागाडी

मी बोलतेय. शर्मिलाच्या गॅलरीत घडी घालून भिंतीला टेकवलेली निळी बाबागाडी. अंगावर सध्या पायपुसणी वाळत घातली आहेत, तिकडे लक्ष देऊ नका. माझं एवढं ऐका.

माझा जन्म चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. खोक्यात बंद होऊन मी समुद्र ओलांडला आणि पुण्यातल्या एका नव्या, गारेगार दुकानात उभी राहिले. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायला माझ्यात एक प्लास्टिकची बाहुली बसवली होती. तिला वजनच नव्हतं. अंगावर जिवंत मूल असणं म्हणजे काय, ते मला पुढे यशूनं शिकवलं.

शर्मिला हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. त्या मे महिन्यात तिचा भाऊ समाधान, वहिनी दीक्षा, त्यांची दहा महिन्यांची यशोधरा, म्हणजेच यशू, आणि वडील रामदास अकोल्याहून पुणं बघायला यायचे होते. "माझी भाची पुण्यात चाकांवरून फिरणार," म्हणत तिनं मला घरी आणलं.

यशू लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. त्यामुळे दीक्षाचा जीव सतत टांगणीला. पाणी उकळलेलं का, वारा लागतोय का, कोणी हात धुतले का! समाधान हसायचा, पण आजोबा कधी हसले नाहीत. ते निमूटपणे पुन्हा हात धुऊन यायचे.

पहिल्याच दिवशी मला कळलं, की पुण्याचे रस्ते माझ्यासाठी नाहीत. फुटपाथवर स्कूटर उभ्या. शनिवारवाड्याच्या पायऱ्या आल्या तशी यशू आईच्या कडेवर गेली आणि समाधाननं मला डोक्यावर घेतलं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "छान. कोण कोणाला फिरवतंय?"

जवळच शनिवार पेठेतल्या एका खानावळीत सगळे जेवायला शिरले. गल्ल्यावरच्या मालकांनी मान वर न करता सांगितलं, "गाडी बाहेर. बाळ आत आणलं तरी चालेल."

मी बाहेर चपलांशेजारी उभी राहिले. आतून दीक्षाचा आवाज येत होता. वरणभात कालवताना ती वाढप्याला पुनःपुन्हा विचारत होती, "दादा, तिखट नाही ना यात?" थोड्या वेळानं रामदास आजोबा बाहेर आले आणि माझी मूठ धरून उभे राहिले. "जेवा ना बाबा," शर्मिला म्हणाली. "तुम्ही जेवा बाई. गाडी कोणी नेली म्हणजे?" ते म्हणाले. मला ढकलताना ते नेहमी खड्डा चुकवत. त्या घरात मला सगळ्यात जास्त जपलं ते त्यांनी.

आजोबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे त्यांचं मागणं एकच होतं. "वाडे-फिडे तुम्ही पहा. मले खडकवासला दाखव."

मग एका संध्याकाळी आम्ही खडकवासल्याला गेलो. रविवार होता. धरणाच्या काठानं गाड्यांची रांग, कणसं भाजल्याचा धूर, भज्यांच्या कढया, उकडलेल्या शेंगांच्या टोपल्या. यशूला माझ्यात बसवून दीक्षानं पट्टे आवळले. पाचही पट्टे एका बकलात अडकतात, आणि ते दोन्ही बाजूंनी एकदम दाबल्याशिवाय सुटत नाही. मुलानं सोडू नये, म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं आहे.

"मामाजी, हिला काही देऊ नका हं," दीक्षा सासऱ्यांना म्हणाली. समाधान आणि शर्मिला तिला फोटोसाठी कठड्याकडे घेऊन गेले. यशू झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर कुठे चार पावलं चालली असेल, तर तेव्हा.

आजोबा वाकून यशूला धरण दाखवू लागले, "हे पाय, केवढं पानी! हे पुन्याले जाते." यशू त्यांच्या हातातल्या शेंगेकडे झेपावत होती. त्यांनी एक दाणा सोलला, बोटांनी चेपून पाहिला. मऊ होता. "इतकुसा," ते म्हणाले आणि अर्धा तिच्या तोंडात ठेवला.

नेमकं तेव्हाच मागून एक मोटार कर्कश भोंगा वाजवत गेली. यशू दचकली.

मला आधी कळलं. तिचे पाय माझ्या पायटेकणीवर सारखे आपटत असायचे, ते थांबले. मग सगळं अंग ताठ झालं. रडण्याचा आवाज नाही, खोकला नाही. आजोबांनी तिचं तोंड पाहिलं आणि त्यांच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"दीक्षा! अरे समाधान!" गर्दीत कोणाला ऐकू गेलं नाही. ते बकलाशी झटू लागले. एका बाजूनं दाबलं, ओढलं, दुसऱ्या बाजूनं दाबलं. बोटं घामानं सटकत होती. बक्कल माझंच, माझ्याच अंगावरचं. पण ते मला सोडता येईना. मी तिला घट्ट धरून होते आणि ती माझ्यातच निळी पडत होती. असली दशा वैऱ्याच्या खुर्चीवरही येऊ नये.

मग त्या म्हाताऱ्या माणसानं मला, यशूसकट, उचललं. खांद्यापर्यंत उचललं आणि पुढच्या बाजूनं पालथी केली. यशू पट्ट्यांना लोंबकळली, तोंड जमिनीकडे. एका हातानं आणि छातीनं मला तोलून त्यांनी दुसरा हात तिच्या पाठीमागे घातला आणि थापट्या मारल्या. एक, आणखी एक, आणखी. त्यांनी मला सोडलं नाही. शेवटी तो अर्धा दाणा मातीत पडला आणि यशूनं जो टाहो फोडला!  तो ऐकून आजोबा मला घेऊन हळूहळू खाली बसले, तशी मी कुशीवर कलंडले.

दीक्षा धावत आली ती या क्षणाला. तिनं काय पाहिलं? आडवी पडलेली गाडी, ओरडणारी मुलगी, मातीतल्या शेंगा आणि शेजारी फतकल मारून बसलेला सासरा. तिनं एका चिमटीत बक्कल सोडलं आणि यशूला उराशी धरलं.

"गाडी उलटली कशी?"

आजोबांची नजर मातीतल्या शेंगांवर गेली.

"शेंगा दिल्या तुम्ही तिला? मी नको म्हटलं होतं ना, मामाजी?"

"दिल्या," ते म्हणाले. एवढंच. पुढचं त्यांनी सांगितलंच नाही. बहुधा त्यांना वाटलं, ज्यानं आग लावली त्यानं विझवल्याचं काय सांगायचं?

डॉक्टरांनी तपासून मुलगी ठीक असल्याचं सांगितलं. त्या रात्री आधीच ठरलेल्या हॉटेलात सगळे जेवायला गेले, पण ताटं जवळजवळ तशीच परत गेली. यशू रांगत आजोबांच्या मांडीकडे निघाली, तर त्यांनीच पाय आखडून घेतले. दीक्षानं ते पाहिलं. 

निघताना शर्मिला म्हणाली, "गाडी घेऊन जा ना, वहिनी."

"नको," दीक्षा म्हणाली. "ती उलटते."

त्याला आता वर्ष झालं. शर्मिला गॅलरीत उभी राहून अकोल्याला फोन करते, तेव्हा मला फक्त तिची बाजू ऐकू येते. "पळायला लागली? अरे वा! बाबा, तुम्ही नेता की नाही तिला बाहेर?... का?... अहो, असं काय करता, बाबा?" मग ती फोन ठेवते आणि माझ्यावरची पायपुसणी गोळा करते.

तिला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. आजोबा सांगणार नाहीत, आणि मला त्यांच्याशी बोलता येत नाही. तुम्ही मात्र ऐकलंत. कधी अकोल्याला गेलात, तर कृषिनगरात रामदासांचं घर विचारा. सून दार उघडेल. पाणी देईल, तेही उकळलेलं. तिला एवढंच सांगा: गाडी उलटली नव्हती, बाई. तुझ्या सासऱ्यांनी ती उलटी केली होती.