दोन छटांची केप

"पुन्हा सांग. कुणाची केप?"

काकूंनी दाताखालचा दोरा तोडला आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलीला नखशिखान्त न्याहाळलं. विशी-बाविशीची असेल. जाड भिंगांचा चष्मा, पाठीवर पिशवी, हातात मोबाईल. मोबाईल दिसला आणि काकूंच्या मनात पाल चुकचुकली. मागच्याच महिन्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला दोघा पोरांनी असंच गोड बोलून बोलतं केलं होतं. चार दिवसांनी त्या बिचाऱ्याचं बोलणं गाण्यावर चढवून सगळी गल्ली हसत होती.

"'वज्रपंख'ची, काकू. जुना पिक्चर, चित्रकथेवरचा. त्यातल्या हिरोची केप इथल्या मास्तरांनी शिवली होती ना?"

"कोण म्हणालं?"

"लेबल म्हणालं!" मुलगी हसली. "तो गच्चीवर पालथा पडतो ना, तेव्हा गळ्यापाशी दुकानाचं लेबल दिसतं. आम्ही तिथं चित्र थांबवून वाचलं. मग शोधत शोधत आले."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"दर महिन्याला तो बघायला शंभर-सव्वाशे तरी जमतो."

"चार दिवसांत उतरला होता तो पिक्चर," काकू म्हणाल्या. "शंभर माणसं तेव्हासुद्धा नव्हती आली."

"तेच तर ना!"

यात 'तेच तर' काय, ते काकूंना कळेना. कुठंतरी पाणी मुरत होतं. आतल्या पडद्यामागे मास्तरांच्या मशीनचा आवाज थांबला होता, तेही त्यांच्या लक्षात आलं.

मुलीनं मोबाईल पुढे धरला. फोटोत एका थिएटरच्या पायऱ्यांवर पोरंपोरी दाटीवाटीनं उभी होती. दोन-चार पिकल्या केसांचेही होते. सगळे पाठमोरे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर केप. अर्धी निळी, अर्धी काळी.

काकूंचा हात मांडीवरच्या शर्टावर तसाच राहिला.

"पहिल्यांदा आम्ही हसायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू," चष्मेवाली सांगत होती. "इतका वाईट पिक्चर, चला जाऊ, म्हणून. पण दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो... आणि मग ती केप डोक्यातून जाईना. म्हणजे बघा, त्याच्या हातून शहर वाचतं पण सख्खा भाऊ वाचत नाही. मग एक बाजू उजेडाची, एक अंधाराची. पिक्चरमध्ये कोणी एक शब्द बोलत नाही यावर. फक्त केप बोलते. केवढा विचार केला असेल मास्तरांनी! रविवारी दुपारी दोनला खेळ आहे. ते येतील का? आम्हाला त्यांना विचारायचंय."

"ते कुठं जात नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि तो मोबाईल आधी पिशवीत टाक."

पडदा सरकला. मास्तर दारात उभे होते. चष्मा कपाळावर, गळ्यात टेप.

"येऊ," ते म्हणाले. "दोघंही येऊ."

*

गल्लीत सगळे नवऱ्याला मास्तर म्हणत आणि बायकोला काकू. दुकान मास्तरांचं, पाटीवर नाव मास्तरांचं. कापड बेतायला मात्र पहिल्यापासून निम्म्याहून अधिक वेळा काकूच बसत, हे गिऱ्हाइकांना कळायचं काही कारण नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारीही त्याच बसल्या होत्या. सिनेमावाल्यांची निळी मखमल टेबलावर पसरलेली. संध्याकाळी गाडी न्यायला येणार. मास्तर अस्तर आणायला गेलेले. मांडीवर दीड महिन्याची लेक, सकाळपासून रडून लालबुंद. एका हाताने तिला थोपटत काकूंनी केपचे दोन्ही भाग मांडले, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. शाळेच्या गणवेशाचं कापड असंच मांडतात, वीतभर वाचतं. पण मखमलीला लव असते. एका दिशेनं हात फिरवला तर ती निजते, उलट फिरवला तर उभी राहते. आणि निजलेली लव वेगळी दिसते, उभी वेगळी. शिकाऊ कारागिरालाही हे पहिल्या आठवड्यात सांगतात. काकूंनी कात्री चालवली. दुकानातल्या मिणमिणत्या ट्यूबखाली सगळं सारखंच निळं दिसलं. मास्तरांनीही शिवताना पाहिलं नाही, कारण काकूंनी बेतलेलं ते कधी तपासत नसत.

शूटिंगच्या दिव्यांनी मात्र सगळं उघडं पाडलं. बारा दिवसांचं काम झालं, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की हिरो वळला की त्याची अर्धी पाठ काळी पडते. पोशाखवाले साहेब दुकानात आले आणि त्यांनी ती केप बोळा करून टेबलावर फेकली.

"हे कुणी बेतलं?"

काकूंनी तोंड उघडलं होतं. पण त्याआधीच मास्तर म्हणाले, "मी."

पुन्हा शूटिंग करणं परवडणारं नव्हतं. पिक्चर तसाच आला आणि पडला. पडायला कारणं पुष्कळ होती, पण एका पेपरवाल्यानं नेमकं लिहिलं, 'नायक आकाशातून उतरतो तेव्हा त्याच्या पाठीवर कुणाच्या तरी दिवाणखान्याचा पडदा असतो, आणि तोही दोन दुकानांतून आणलेला.' मास्तर आणि काकू पहिल्याच दिवशी गेले होते. हिरो वळला आणि थिएटर खो-खो हसलं. मध्यंतराला मास्तर उठले, ते परत त्या विषयावर बोललेच नाहीत. सिनेमाचं काम पुन्हा आलं नाही. राजेरजवाड्यांच्या पोशाखांची चित्रं काढलेली त्यांची एक वही होती, ती कधी दिसेनाशी झाली ते काकूंनी विचारलं नाही. मग एकतीस वर्षं गणवेश, पॅन्टची उंची, तुटलेल्या चेन.

या एकतीस वर्षांत मास्तरांनी एकदाही टोमणा मारला नव्हता, आणि काकूंना तेच खुपत होतं. मारला असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. एवढं गिळून बसलेला माणूस कधी ना कधी ओकणारच, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं आणि मास्तर नुसतेच पाणी प्यायले, तरी त्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

आणि आता म्हणे, 'दोघंही येऊ.'

*

"मी नाही येणार," शनिवारी त्यांनी सांगून टाकलं.

"का?" मास्तरांनी सुईत दोरा ओवत विचारलं.

"टर उडवायला बोलावतायत. स्टेजवर उभं करतील, वर मोबाईल धरतील. म्हातारपणी शोभा."

"उडवू दे. एकदा उडवून झालीये."

"तुम्हाला काय बोलायचंय तिथं?"

"विचारतील ते."

"पण काय बोलणार तुम्ही?"

मास्तर सुईकडे बघत म्हणाले, "बघू."

हे 'बघू' काकूंना रात्रभर टोचलं.

लेक बाळाला घेऊन आठवडाभर राहायला आली होती. तिला सगळी गंमतच वाटत होती. "आई, तुझं म्हणजे कमाल आहे. बाळ झोपेत हसलं तरी तुला वाटतं पोटात दुखतंय! लोक बाबांचं कौतुक करतायत, करू दे की."

"तुला नाही कळायचं."

"मग सांग ना."

काकूंनी बाळाच्या दुपट्यांच्या उगाचच पुन्हा घड्या घातल्या. लेकीलाही ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीनं बाबांच्या हातून एक केप बिघडली होती, बस्स.

*

थिएटर जुनं, खुर्च्यांचे हात झिजलेले. काकूंनी हट्टानं शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची धरली. शेजारी लेक, तिच्या कुशीत बाळ. मास्तरांना चष्मेवालीनं पुढे नेऊन बसवलं. नेताना ती त्यांचा हात धरून चालत होती, तेही काकूंना जरा जास्तच वाटलं.

पिक्चर सुरू झाला आणि हसणंही. लोक संवाद पडद्याच्या आधीच म्हणत होते. खलनायकाची मिशी निसटली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. काकूंनी पर्स छातीशी धरली. त्यांना मास्तरांचं फक्त टक्कल दिसत होतं, पुढच्या रांगेत, एकटं.

मग गच्चीचा प्रसंग आला. हिरोच्या हातातून भावाचा हात सुटला. हिरो उभा राहिला, हळूहळू वळायला लागला. आता फुटेल, काकूंनी मनात म्हटलं, आता फुटेल हसू.

कुणी हसलं नाही. खुर्च्या वाजल्या. सगळं थिएटर उठून उभं राहिलं होतं, एक अक्षर न बोलता. काकूंना समोर नुसत्या पाठी दिसल्या. निळ्या-काळ्या, निळ्या-काळ्या, पार पडद्यापर्यंत, आणि पडद्यावर ती मोठी.

"अगंबाई," लेक पुटपुटली.

काकूंनी पर्स सोडली नाही. एवढ्यानं विश्वास ठेवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

दिवे लागले. चष्मेवालीनं मास्तरांच्या हातात माईक दिला. "मास्तर, आम्ही एवढे दिवस भांडतोय. दोन रंगांचं कापड जोडायची कल्पना तुमची की दिग्दर्शकाची?"

मास्तरांनी माईक हनुवटीला टेकवला. "दोन रंगांचं नव्हतंच ते. एकाच ठाणातलं कापड. मखमलीची लव एकीकडे वर, एकीकडे खाली."

ओळीओळींतून 'ओहो' उठला. पाठोपाठ टाळ्या पडल्या. "म्हणजे मुद्दाम तशी बेतलीत!" कुणीतरी ओरडलं.

"ते मला नका विचारू," मास्तर म्हणाले. "मी नाही बेतली. तिनं बेतली. माझ्या बायकोनं."

काकूंनी मनात म्हटलं, ओकले. शेवटी ओकलेच, आणि तेही शंभर लोकांदेखत.

"पण तेव्हा तर तुमचंच नाव..." चष्मेवाली गोंधळली.

"तेव्हा शिव्या होत्या. नवऱ्याला शिव्या खायची सवय असते." थिएटर हसलं. मास्तर हसले नाहीत. "टाळ्या कशा घेऊ? त्या माझ्या नाहीत. ती तिकडं बसलीये, दारापाशी."

शंभर माना मागे वळल्या. लेकही आईकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं. माईक या हातातून त्या हातात करत मागे येऊ लागला, आणि तो येईपर्यंत काकू मास्तरांकडे बघत राहिल्या. ते खुर्चीवर आडवे वळून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी लपलेलं असेल म्हणून काकूंनी शोध शोध शोधलं. एकतीस वर्षं शोधत होत्या, तसंच. तिथं काही नव्हतं. तिथं कधीच काही नव्हतं.

"काकू, मुद्दाम केलं होतंत ना?" चष्मेवालीनं लांबून विचारलं. तिला 'हो' हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं. म्हणायला दोन सेकंद लागले असते.

"नाही," काकू माईकमध्ये म्हणाल्या. आवाज केवढातरी मोठा आला, त्या दचकल्या. "चुकलं माझं. मूल मांडीवर रडत होतं. कापड वाचवायला गेले, आणि लव बघितलीच नाही." त्यांनी पुढच्या रांगेकडे बोट केलं. "यांचं काम गेलं त्यापायी. सांगायचं राहिलं होतं. एवढंच."

कुणी टाळी वाजवली नाही. लेकीनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि मोकळा झालेला हात आईच्या पाठीवर ठेवला. हे त्या मुलांना पटलं की त्यांचा विरस झाला, काकूंना कळेना. चष्मेवाली मधल्या वाटेनं चालत त्यांच्यापाशी आली. डोळे पुसायला तिनं चष्मा काढला होता आणि तिला धड दिसत नव्हतं.

"मग ही आमची सगळ्यांची केप चुकीचीच शिवलीये," ती म्हणाली. "दोन तुकडे जोडलेत आम्ही."

"पाठ कर बघू," काकू म्हणाल्या.

मुलगी वळली. काकूंनी माईक लेकीकडे दिला, मुलीचे खांदे धरून तिला दिव्याखाली घेतलं आणि मधल्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ही टीप कुणी मारली? दोन धुण्यांत उसवेल. आणि हा खांदा बघ, केवढा ओढला गेलाय. सरळ उभी राहा. अहो," त्यांनी मान न वळवता हाक मारली, "टाचण्या आहेत का तुमच्याजवळ?"

खालच्या रांगेत मास्तर उठून खिसे चाचपू लागले. आपापली केप सावरत चारपाच जण काकूंच्या मागे येऊन उभे राहिले होते, पाठमोरे.