मुथुंगच्या काड्या

तान वैद्य चाळीस वर्षं कान नदीकाठच्या त्या गावात नाड्या पाहत होते. त्यांची धाकटी बहीण सूछिन सूतगिरणीत होती. उन्हाळा आला की तिला लघवीला जळजळ व्हायची. वडिलांच्या वहीतला काढा ते तिला द्यायचे. त्यात मुथुंग नावाच्या औषधी वेलीच्या काड्या असत. आठ उन्हाळे तिने तो नाक दाबून प्यायला.

नवव्या वर्षी तिचे पाय सुजले, तोंड पांढरंफटक पडलं. नाडी खोल गेलेली, दोऱ्यासारखी बारीक. किडनीतला विस्तव मंदावलाय, म्हणून पाणी साचतंय, असं सांगून त्यांनी ऊब देणाऱ्या मुळ्या सुरू केल्या. महिनाभर तिला बरं वाटलं. "दादाच्या हाताला गुण आहे," असं ती गल्लीभर सांगत फिरली.

त्याच वसंतात औषध खात्याचं पत्रक आलं. उत्तरेकडचा मुथुंग विकायला बंदी. त्याने किडन्या निकामी होतात. तान वैद्यांच्या पायाखालची जमीन सरकली. वडिलांच्या काळचा मुथुंग इथल्याच डोंगरातल्या वेलीचा होता. बाजारात हा उत्तरेकडचा येऊ लागला तेव्हा काड्या पिवळ्या दिसल्या आणि जास्त कडू लागल्या होत्या. त्यांनी व्यापाऱ्याला एकदा विचारलंही होतं. नाव तेच आहे, असं तो म्हणाला आणि त्यांनी विषय सोडला.

पत्रक त्यांनी खणात सारलं. सूछिन दर रविवारी शेवया घेऊन यायची. ते जेवायचे, नाडी पाहायचे, गप्प राहायचे.

शेवटी तिची मुलगी वानयी तिला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. दोन्ही किडन्या आक्रसल्या होत्या. डॉक्टरने काढ्याची चिठ्ठी मागितली आणि मुथुंगच्या नावाखाली रेघ ओढली. मायलेकी तडक वैद्यांकडे आल्या.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?" वानयीने विचारलं.

त्यांनी खणातलं पत्रक काढून दिलं. सूछिनने वरची तारीख वाचली.

"काढा चुकला, ते मी पोटात घातलं असतं, दादा," ती म्हणाली. "पण सहा रविवार माझ्या हातचं खाल्लंस आणि बोलला नाहीस."

 

पुढे आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून धुऊन काढावं लागे. तिने भावाला परत दारात उभं केलं नाही. पण गल्लीत ती चकार शब्द बोलली नाही, वानयीलाही बोलू दिलं नाही. वडिलांच्या नावाला बट्टा नको, एवढंच तिचं म्हणणं. त्यामुळे माणसं येतच राहिली. सूछिनबाईंनीच तुमचं नाव सांगितलं होतं, असं म्हणून मनगट पुढे करत. तान वैद्य ते हातात घेत, आणि बोटांखाली काय लागतंय ते त्यांना नीट कळेनासं झालं होतं.

चार वर्षांनी ती गेली. निरोप शेजाऱ्याने आणला. अंत्यविधीच्या जेवणाला वानयीने मामांना घरच्यांच्या टेबलाऐवजी सूतगिरणीतल्या लोकांच्या टेबलावर बसवलं, वाटीत भात वाढला आणि ती पुढच्या पाहुण्यांकडे वळली.