एका पेनड्राइव्हवर तिघं

घरात संगणक एक आणि त्यावर हक्क सांगणारी माणसं तीन. त्यातून त्या संगणकाची हार्ड डिस्क गेलेली, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नव्हती. घरातली सून संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायची. गावभरचे संगणक तिच्या हाताखालून बरे होऊन जात आणि घरचा मात्र बैठकीच्या खोलीत चादर पांघरून पडलेला. नवरा म्हणायचा, "आपल्यालाही दुकानात नंबर लावावा लागणार बहुतेक."

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने मनावर घेतलं. कुठल्याही संगणकाला लावला की हवी ती सिस्टीम सुरू करून देईल असा एक पेनड्राइव्ह तिला दुकानासाठी हवाच होता. मग घरच्यांचीही सोय त्यावरच लावून टाकू, असं तिने ठरवलं. पेनड्राइव्ह पुसून कोरा केला, त्यावर यादी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम बसवला आणि एकेका सिस्टीमची भलीमोठी फाइल चढवली. आता संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर तीन ओळी येत: दुकान, नवरोबा, बाबा. आपल्या ओळीवर यायचं, एन्टर दाबायचं. 'दुकान'मध्ये तिची दुरुस्तीची सगळी हत्यारं. 'नवरोबा'मध्ये त्याच्या ऑफिसात येऊ घातलेली नवी सिस्टीम, सरावासाठी. आणि 'बाबा'मध्ये सासऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांची साधी सिस्टीम आणि त्यात एकच प्रोग्रॅम, चौकटी रंगवायचा.

सासरे जन्मभर गालिच्यांच्या कारखान्यात नक्षीकार होते. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून विणकरांनी एकेक गाठ मारायची. आता हात थरथरायचे, रंग घराबाहेर जायचा. कारखान्यातल्या एका जुन्या विणकर बाईंनी घरीच माग लावला होता आणि त्यांच्यामागे लकडा लावला होता, "मला एक नवी किनार काढून द्या, तुमच्या हातचीच पाहिजे." संगणकावर माउसची एक टिचकी दिली की घर रंगतं, हात हलला तरी काही बिघडत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

त्या दिवशी ते खुर्ची घेऊन तिच्या मागेच उभे होते. झालं का, असं एकदाही विचारलं नाही, पण दर थोड्या वेळाने खुर्ची जराशी पुढे सरकायची. तिला हसू येत होतं आणि मायाही. तिने एक पान काढलं, सेव्ह केलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. पान जागेवर होतं. "या, बसा. आता तुमचंच राज्य," म्हणत ती उठली.

दुकानासाठी तिने त्याची एक नक्कल करून घेतली आणि हा पेनड्राइव्ह घरीच राहिला. पुढचे काही आठवडे बाबा रोज सकाळी संगणकापुढे बसत. पण राज्य मिळालेल्या माणसाचा आनंद काही दिसेना. बोलणं कमी झालं. बाजारात जायचं म्हटलं की म्हणायचे, "तूच जा, मी काहीतरी विसरून येईन." गॅस बंद करून खोलीत जायचे आणि परत बघायला यायचे. एकदा जेवताना त्यांनी मुलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल मी दिवसभर काय करत होतो रे?"

"नक्षी काढत होतात की."

"हं," म्हणून ते ताटात बघत राहिले.

त्यांच्या थोरल्या भावाला विसरण्याचा आजार झाला होता. शेवटी शेवटी तो बाबांनाच पाहुणा समजून "बसा, पाणी घ्या" म्हणायचा. त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण आता नवऱ्याने विषय काढला. "काकांचंही असंच सुरू झालं होतं," तो तिला म्हणाला, आणि त्याने डॉक्टरांची वेळ घेतली.

तिला रडू आलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दुकान काढण्याच्या तिच्या कल्पनेला सगळ्यांनी नाकं मुरडली होती. एकटे बाबा म्हणाले होते, "तिच्या हातात कसब आहे, काढू दे." तेव्हापासून तिचा या माणसावर फार जीव होता.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दुकानाच्या रस्त्यावर खोदकाम निघालं आणि ती सलग दोन दिवस घरी राहिली. पहिल्या दिवशी दुपारी चहा द्यायला गेली तर किनारीचा कोपरा नुकताच पुरा झाला होता. वेल वळत वळत कोपऱ्यात आली होती आणि नेमकं तिथलं एक पान उलटं फिरून मागे बघत होतं. "हे पान भारी जमलंय," ती म्हणाली. ते नुसतेच हसले.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेली, तर पडद्यावर बाकी सगळं कोरं आणि तोच कोपरा अर्धा झालेला. वेल येत होती, पान वळायच्या बेतात होतं.

"बाबा, हे कालच झालं होतं ना?"

माउसवरचा हात थांबला. त्यांनी मान वळवली नाही.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं की. चहा घेऊन आले होते तेव्हा. पानाचं कौतुक नाही का केलं?"

"म्हणजे मी ते खरंच काढलं होतं."

हा प्रश्न नव्हता. बोलताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की चहाचा कप हातातच राहिला तिच्या.

"तुम्ही सेव्ह करता ना?"

"रोज करतो. आता तर दोन-दोनदा करतो. तरी सकाळी उघडलं की काही नसतं. मग मला वाटतं, केलंच नसेल. काढलंच नसेल."

एवढं ऐकल्यावर तिला काय ते कळलं होतं, फक्त ते खरं निघू नये असं वाटत होतं. "बाबा, हा पेनड्राइव्ह जरा नेते," म्हणून तिने संगणक बंद केला आणि आतल्या खोलीत स्वतःच्या लॅपटॉपला तो लावून पाहिला.

पेनड्राइव्हवरून चालणारी अशी सिस्टीम मुळातच विसरभोळी असते. संगणक चालू आहे तोवर तिला सगळं आठवतं. बंद केला की दिवसभराचं सगळं पुसून ती पुन्हा कोरी होऊन उठते. तिने लक्षात ठेवावं असं वाटत असेल, तर पेनड्राइव्हवर तिच्यासाठी वेगळी जागा राखावी लागते. 'दुकान'साठी जागा राखलेली होती. 'नवरोबा'साठी होती. 'बाबा'साठी नव्हती. त्या दिवशी मागे खुर्ची सरकत होती, कधी एकदा त्यांना बसवते असं तिला झालं होतं, आणि तेवढंच राहून गेलं होतं. तपासताना तिने प्रोग्रॅम बंद करून उघडला होता, संगणक नाही. गिऱ्हाइकांना मात्र ती रोज बजावायची, की बंद करून पुन्हा चालू करून बघितल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नवरा ऑफिसातून आल्यावर तिने त्याला सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "सुटलो. आता असं कर, गुपचूप जागा करून दे. उद्यापासून नक्षी राहायला लागली की ते आपोआप सावरतील. तुझीही शोभा नको."

सल्ला मोहाचा होता. तिने क्षणभर तसं करायचं ठरवलंही. पण मग हे एवढे आठवडे बाबांच्या खात्यावर तसेच राहिले असते. त्यांना वाटलं असतं, मध्ये आपलं डोकं गेलं होतं, आता ठीक आहे, पुन्हा कधी जाईल कोण जाणे. चूक तिची आणि खापर त्यांच्या डोक्यावर. "नाही," ती म्हणाली, "सांगायलाच हवं."

बाबा खिडकीशी बसले होते. ती त्यांच्या समोर जमिनीवरच बसली आणि सगळं सांगून टाकलं. जागा कशी राखायची असते, ती कुणाकुणासाठी राखली आणि कुणासाठी राहिली, सगळं. "तुम्ही काहीच विसरला नाहीत बाबा. विसरत होता तो पेनड्राइव्ह. आणि तो विसरत होता, कारण मी विसरले."

बाबा म्हणाले, "मला सगळं आठवत होतं गं. कुठल्या घरात कोणता रंग भरला, तेसुद्धा. त्याचीच तर भीती वाटायची. न घडलेलं आठवायला लागलं, म्हणजे दादाच्याही पुढे गेलो की मी."

"मग मला एकदा तरी विचारायचं. हे यंत्र नीट चालत नाही, एवढं तरी म्हणायचं."

"तू केलेलं होतं ना ते," बाबा म्हणाले. "तुझं काम चुकणार नाही, हे मला माहीत होतं. मग चुकणारा उरला मीच."

तिने त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि ती रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, नेहमीसारखाच.

"डॉक्टरांची वेळ घेतलीच आहे, तर गुडघे दाखवून येऊ," ते म्हणाले. "आणि आता ऊठ. तू डोकं टेकलंस तो गुडघा दुखरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्यासमोर जागा राखली, या वेळी सगळ्यात मोठी. बाबा बसले आणि किनार काढायला लागले. इतक्या वेळा काढलेली, की हात कुठे अडलाच नाही. दुपारपर्यंत कोपरा आला, पान वळलं. त्यांनी एकदाच सेव्ह केलं, संगणक बंद केला आणि उठले.

त्याच्या पुढच्या सकाळी ते अंघोळीहून आले तेव्हा सून संगणकापुढे उभी होती. पडद्यावर तीन ओळी आल्या होत्या आणि तिचं बोट 'बाबा'वर एन्टर दाबायला पुढे झालं होतं.

"काय बघतेस?" त्यांनी डोकं पुसत विचारलं.

"नक्षी राहिली का, ते बघते."

"आहे," बाबा म्हणाले. "काल ठेवली ना मी. तू जा दुकानात, उशीर होतोय तुला."