पूजेत ठेवलेलं कार्ड

मंदाताईंच्या तोंडाला लागायचं नाही, हे दाना ओलीच्या गल्लीत भाजीवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. शाळा चौथीतच सुटली, पण जीभ काही कुठल्या शाळेत शिकावी लागत नाही. घराणं दक्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेलं. आता फौज राहिली नाही, घोडे राहिले नाहीत, राहिल्या दोन तलवारी आणि मंदाताईंचा ताठा. त्यातल्या तलवारींना गंज चढला होता, ताठ्याला नाही.

अशा घरात सून आली ती पलीकडच्या मुरार भागातली, हिंदीत वाढलेली हर्षिता. मालनपूरला बिस्किटांचा मोठा कारखाना आहे, तिथं ती कंट्रोल मेकॅनिक. भट्टी किती तापवायची, पट्टा कधी चालवायचा, कधी थांबवायचा, हे सगळं मशिनींना सांगणारी जी लोखंडी कपाटं असतात, त्यांच्या पोटातलं दुखणं शोधायचं आणि बरं करायचं, हे तिचं काम.

लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला शेजारच्या सुलोचनाबाईंनी खडा टाकून पाहिला होता. ‘‘मंदाताई, म्हणजे सूनबाई मिस्त्रीकाम करतात म्हणायच्या?’’

‘‘हो, करते,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘तुमच्याकडे साधा पंखा बंद पडला तरी परका माणूस घरात घ्यावा लागतो. माझ्याकडे घरचीच लेकीसारखी आहे. करंजी घ्या आणखी, तोंड रिकामं ठेवू नका.’’

बाहेर असं. घरात मात्र हर्षिता टेबलावर तारांना डाग द्यायला बसली, कथिलाचा वास सुटला, की मंदाताई नाकाला पदर लावून म्हणायच्या, ‘‘घरात कल्हईवाला बसवलाय की काय!’’ हर्षिता हसायची. सासूची धार कुठल्या बाजूला आहे आणि मूठ कुठल्या बाजूला, हे तिला लवकरच कळलं होतं.

यंदा नवरात्रात तिला एकच ध्यास लागला होता. कारखान्यातल्या भट्टीचं एक कार्ड जळालं होतं. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी, वर मुंग्यांसारखे बारीक भाग चिकटवलेले. गॅस कधी सोडायचा आणि कधी बंद करायचा, हा हुकूम तीच पाटी देते. तसली पाटी आता कुठं बनतही नाही. बाहेरची कंपनी बोलवायची असं वर ठरत आलं होतं, पण तिचे साहेब अंबरीश अडून बसले. ‘‘हर्षिता करेल,’’ म्हणाले. भट्टी नवमीपर्यंत साफसफाईसाठी बंद होती आणि दसऱ्याला पेटवायची होती. पुढं दिवाळीचा माल. एवढं मोठं काम पूर्णपणे तिच्या एकटीच्या भरवशावर पहिल्यांदाच सोपवलेलं.

अष्टमीला घरच्या टेबलावर कार्ड चालू झालं. हर्षितानं ते चकचकीत पाकिटात घातलं, पाकीट बॅगेत ठेवलं, आणि नवमीला सकाळी झेंडू आणायला बाजारात गेली.

इकडे मंदाताईंनी खंडेनवमीची मांडणी घेतली. पाटावर तलवारी, शेजारी कट्यार, विळी, अडकित्ता, समरजीतचा, म्हणजे लेकाचा, हर्षिताच्या नवऱ्याचा, लॅपटॉप. त्यांचं मन भरेना. समरजीत विम्याच्या कचेरीत पाट्या टाकतो, त्याचा डबा पूजेत, आणि जिच्यावर सबंध कारखाना थांबलाय तिचं काहीच नाही? त्यांनी सुनेची बॅग उघडली. पक्कड घेतली, मीटर घेतला. पाकीट हाती लागलं तसं उघडून पाहिलं आणि मनाशी म्हणाल्या, हेच तिचं खरं हत्यार.

आता म्यानातून काढल्याशिवाय तलवारीची पूजा होत नाही, हे त्या घरातल्या पोराटोरांनाही माहीत. मग पाकिटातल्या कार्डाची कशी होईल? त्यांनी ते बाहेर काढलं, तलवारींच्या मधोमध, मानाच्या जागी ठेवलं. फुलानं पाणी शिंपडलं, ओलं गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता. सुनेवर आधी कधी केली नसेल एवढी माया त्या चिमटीत होती.

हर्षिता फुलं घेऊन आली आणि दारातच थांबली.

‘‘आई... ये क्या किया आपने?’’

‘‘मराठीत बोल. पूजा केली. का गं, तुझ्या माहेरी करत नाहीत?’’

हर्षितानं पिशवी खाली ठेवली, पुढं होऊन कार्ड दोन बोटांनी कडेला धरून उचललं. कुंकवाचं पाणी तिच्या मनगटावर ओघळलं. तिचा चेहरा पाहून मंदाताईंनी हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायची त्यांना सवय होती.

‘‘बिघडलं का?’’

‘‘अजून माहीत नाही. वीज सोडली नव्हती ते नशीब. ओलं असताना सोडली की ती वाट चुकते, नको तिथं जाते. और ये भट्टी का है, आई. गॅसचं.’’

समरजीत कडेनं म्हणाला, ‘‘पुसून टाक ना. कोणाला कळणार?’’

‘‘तू गप्प बस,’’ मंदाताई कडाडल्या. ‘‘गॅसचं म्हणतेय ती, ऐकू येत नाही?’’ मग सुनेकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘मी काय करू, सांग.’’

हा प्रश्न त्या घरात कोणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. समरजीत आईकडे बघतच राहिला.

‘‘टेबलाचा दिवा उचलून धरा,’’ हर्षिता म्हणाली. ‘‘आणि हात हलवू नका.’’

दोघी टेबलाशी बसल्या. हर्षितानं बाटलीतलं स्पिरिट ब्रशनं सोडलं. लाल पाणी गळत राहिलं. पुन्हा सोडलं, पुन्हा फिकट लाल. कार्डाच्या खालच्या अंगाला पितळी दातांची ओळ होती, तिच्यात तांदळाचा एक कण जाऊन बसला होता. हर्षिताच्या चिमट्यातून तो निसटत होता.

‘‘दाबू नकोस, आत जाईल,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘तिरकं धर. हां. अगं, उलटं धर आणि टिचकी मार, तांदूळ आहे तो, काही तुझा सासरा नाही मान राखायला.’’

हर्षिताला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ‘‘आई, हसवू नका ना, हात हलतो.’’ तिनं कार्ड उलटं केलं. टिचकीनं काही झालं नाही. मग तिनं बारीक सुई घेऊन कण अलगद उकरला. मंदाताईंनी दिवा तसाच धरला होता. हात भरून आला होता, पण सांगतील तर मंदाताई कसल्या!

दुपारभर कार्ड पंख्याखाली वाळलं. संध्याकाळी हर्षितानं ते आपल्या प्लायच्या फळीवर चढवलं. त्या फळीवर छोटे दिवे लावलेले. कार्डानं हुकूम दिला की एकेक दिवा पेटायचा. पेटले. सगळे पेटले, विझले, पुन्हा पेटले.

‘‘झालं!’’ समरजीत म्हणाला. ‘‘आता विसरा.’’

हर्षिता दिव्यांकडे बघत होती. ‘‘नाही. अंबरीश सरांना सांगावं लागेल की कार्ड भिजलं होतं. दिवे पेटवणं वेगळं आणि भट्टी पेटवणं वेगळं. बारा लोग खड़े रहते हैं वहाँ. मी सांगते, माझ्याकडून पाणी सांडलं.’’

‘‘तुझ्याकडून?’’ मंदाताईंनी विचारलं.

‘‘मग काय सांगू? सासूनं कुंकू लावलं? आख्खा समाज हसेल. आधी तुम्हाला, मग मला.’’

मंदाताईंना सुलोचनाबाईंचा चेहरा समोर दिसला. त्या बाईच्या तोंडी ही गोष्ट पडली की पार गोरखीच्या वस्तीपर्यंत पोचायला घटका लागायची नाही. खरं बोलावं तर आयुष्यभर ताठ ठेवलेली मान खाली जाते, आणि गप्प बसावं तर पोरीचं पहिलं मोठं काम तिच्याच चुकीचं म्हणून नोंदलं जातं. त्या रात्री त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, जेवणाला नावं ठेवली नाहीत. घरात सगळ्यांना वाटलं, बरं नाही की काय.

दसऱ्याला सकाळी हर्षितानं स्कूटर काढली, तर मंदाताई जरीची साडी नेसून जिन्याखाली उभ्या.

‘‘कुठं निघालात?’’

‘‘तुझ्या कारखान्यात. हळू चालव, माझा अंबाडा सुटायला नको.’’

अंबरीश कपाटासमोर उभे होते. वयानं समरजीतएवढेच, पण कपाळावर आठ्या म्हाताऱ्याच्या. हर्षितानं तोंड उघडलं, ‘‘सर, कार्ड थोडं भिजलं होतं, माझ्या...’’

‘‘भिजलं? घरी उघडं कसं राहिलं, हर्षिता?’’

‘‘उघडं राहिलं नव्हतं,’’ मंदाताई पुढं झाल्या. ‘‘तिनं नीट पाकिटात ठेवलं होतं. मी काढलं. खंडेनवमीला तलवारींमध्ये ठेवून पाणी शिंपडलं, कुंकू वाहिलं. बोलायचं तर मला बोला. मात्र बोलून दाखवाच.’’

अंबरीशांनी आधी मंदाताईंकडे पाहिलं, मग सुनेकडे. ओठाचा कोपरा हलला, पण हसले नाहीत. ‘‘काकू, तलवारींमध्ये ठेवलंत ना, म्हणजे मान मोठा दिलात,’’ एवढंच म्हणाले. ‘‘सांगितलंत ते बरं केलंत. न सांगता लावलं असतं तर मी हिला पुन्हा कार्डाला हात लावू दिला नसता.’’

मग ते हर्षिताकडे वळले. ‘‘गॅस बंद ठेव. आधी नुसती थंड भट्टी चालवू, पट्टा, झडपा, सगळं. प्रत्येक हुकूम तू स्वतः मोजायचा. जरा शंका आली, तर आज भट्टी पेटणार नाही. चालेल?’’

‘‘चालेल, सर.’’

मंदाताईंना एका खुर्चीवर बसवलं. समोर कपाटाचं दार उघडं, आत तारांचं जाळं, आणि त्यात हर्षिताचे दोन्ही हात. मीटरची टोकं ती इथं लावी, तिथं लावी, पुटपुटे, अंबरीशांना आकडा सांगे. पट्टा रिकामा फिरत होता. झडपा खटखट वाजत होत्या, बंद होत होत्या. एकदाही तिनं मागं वळून सासूकडे पाहिलं नाही. घरी कोणी असं पाठ करून उभं राहिलं असतं, तर मंदाताईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. इथं मात्र त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

कोणीतरी चहा आणला. तो निवला. बऱ्याच वेळानं हर्षितानं मीटर खाली ठेवला, अंबरीशांकडे बघून मान हलवली. गॅसचा खटका दाबला गेला आणि लांबलचक भट्टीच्या पोटात निळी रेघ उमटली. एकामागून एक ज्योत पेटत गेली, शेवटपर्यंत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हर्षिता लगेच पुन्हा कपाटात डोकं घालून आकडे मोजू लागली.

एवढ्यात दारावरचा पहारेकरी फेरी मारत आला. जरीच्या साडीतली म्हातारी बाई मशिनींमध्ये बसलेली पाहून तो गोंधळून तिच्या आणि कपाटाच्या मधे उभा राहिला.

‘‘माताजी, किससे मिलना है आपको?’’

‘‘मिलना किसी से नहीं है,’’ मंदाताई म्हणाल्या. त्यांनी हातानंच त्याला बाजूला व्हायला सांगितलं. ‘‘हट जरा. मेरी बहू काम कर रही है, दिख नहीं रही.’’