तेजलसाठी विद्यापीठाचं स्थळ

मखमलाबाद नाक्यावर फ्लेक्स नेहमीच लागलेले असतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड. मान वर करून कोण बघतं? पण त्या दिवशी सुमनबाईंनी रिक्षा थांबवायला लावली. वर चक्क त्यांची भाची तेजल होती. पदवीचा काळा झगा घातलेली, आणि तिच्या मागे इंग्लंडमधल्या कुठल्याशा विद्यापीठाचा दगडी मनोरा. खाली ठसठशीत अक्षरं होती, ‘जगातील अव्वल विद्यापीठात निवड झाल्याबद्दल आपल्या लेकीचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : रविराज व समस्त मित्रपरिवार.’

सुमनबाईंना हसू आलं. रविराज त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी पेरलेलं बी उगवलं का, म्हणून दुसऱ्याच दिवशी वाफा उकरून बघायचा. पन्नाशी आली, फुलशेतीत नाव झालं, पण स्वभाव तोच.

पाडवा एका दिवसावर आला होता. त्या भावाकडे पोचल्या तेव्हा अंगणात झेंडूचे ढीग पडले होते आणि रविराजची बायको रूपाली आणि तेजल फुलं निवडत बसल्या होत्या.

“आक्का, पाहिलं का नाक्यावर?” रविराजनं पिशवी हातात घेतानाच विचारलं.

“पाहिलं. फोटो छान आलाय. पण तेजलनं तिकडे कळवलं का, येते म्हणून?”

“सोमवारपर्यंत कळवायचंय. त्यात काय, बटण तर दाबायचं.”

“आणि ते हॉलंडचं?”

तेजलचा हात फुलांवरच थांबला. पुढच्या शिक्षणासाठी तिला दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं. शिष्यवृत्ती दोन्हीकडे सारखीच होती. हॉलंडच्या विद्यापीठाबद्दल ती हिवाळ्यात आत्याशी फोनवर किती वेळ बोलत राहिली होती. तोडलेलं फूल टवटवीत कसं ठेवायचं, यावरच तिथं काम चालतं, हे सांगताना तिचा श्वास पुरत नव्हता.

“हॉलंडचं लय खाली हाय,” रविराजनं मोबाईल पुढे केला. “हे बघा, जगातले नंबर. हे इंग्लंडचं पहिल्या दहात. अन् हॉलंडचं पार शंभराच्या मागं. काल शेजारचे मल्हारीभाऊ सोताहून ओट्यावर आले. म्हणले, रवी, नाव काढलं पोरीनं. त्यांचा रुद्र अमेरिकेला गेला तवापासून सरळ बोलत तरी होते का माझ्याशी?”

“तेजल, तुला कुठं जायचंय?” सुमनबाईंनी विचारलं.

“पप्पा म्हणतील तिथं.”

सुमनबाई चपापल्या. शाळेत असताना रिबिनीच्या रंगावरून अख्खं घर डोक्यावर घेणारी ही पोर! चहा ठेवायच्या निमित्तानं त्या तिला आत घेऊन गेल्या.

“खरं बोल.”

“आत्या, आता फ्लेक्स लागला ना.” तेजलचा आवाज बारीक झाला. “सगळा मार्केटयार्ड पप्पांना हात मिळवतोय. मी नाही म्हटलं तर त्यांनी नाक्यावरून जायचं कसं? शिकून होईल दोन वर्षांत. काढेन मी.”

‘काढेन’ हा शब्द सुमनबाईंना बोचला. असं दिवस काढणं त्यांनी आयुष्यात पुष्कळ बघितलं होतं. पण शिकायला म्हणून नव्हे, सासरी.

चहाचे कप घेऊन त्या बाहेर आल्या आणि भावाजवळ बसल्या.

“रवी, माझं लग्न ठरलं तेव्हाचं आठवतं तुला?”

“तुमचं सुरू झालं का पुन्हा?” रविराज हसला. “देवळ्याचं स्थळ अन् ओझरचं स्थळ. किती वेळा ऐकलंय.”

“ऐकलंयस, पण डोक्यात शिरलेलं नाही.”

देवळ्याचं घराणं मोठं होतं. पंचक्रोशीत नाव, दारात ट्रॅक्टर. पुरुषमंडळी ओसरीवर सुपारी कातरत खूश होऊन बसली होती. आई, गोजराबाई, तेवढ्यात म्हणाली, “जरा पाणी पिऊन येते.” पोरीसाठी घर बघायला गेलेल्या बाया तेव्हा असंच करायच्या. पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात शिरायच्या आणि त्या घरच्या सुना कशा आहेत ते बघायच्या. देवळ्याच्या स्वयंपाकघरात सुना तीन, पण आवाज फक्त भांड्यांचा. गोजराबाई बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, “इथं नको.” ओझरचं घर दोन खोल्यांचं. तिथं कुणाची तरी भाकरी करपली होती आणि सासूसकट सगळ्या हसत होत्या. सुमनला तिथंच दिली. त्याच सासूनं तिला डी.एड. करू दिलं, म्हणून तर ती शिक्षिका झाली.

“आता तू पोरीसाठी विद्यापीठाचं स्थळ बघतोयस,” सुमनबाई म्हणाल्या, “आणि नाव ऐकून ओसरीवरूनच परत फिरलास. आत कोण डोकावलं?”

“आक्का, विद्यापीठाला सैपाकघर कुठून आणू?”

“तिथं शिकणाऱ्या मुली आहेत ना? त्यांना फोन लावू. तू शेजारी बस, आणि मध्ये बोलू नकोस.”

“लावा. पहिलंच भारी निघंल, बघा.” रविराज मांडी ठोकून बसला.

तेजलनं आधी इंग्लंडला फोन लावला. पुण्याची दीपमाला तिथं शिकत होती. पोरगी हुशार आणि मोकळी. “मस्त आहे इथं,” ती म्हणाली. “मी दिवसभर कॉम्प्युटरवर असते. झाडांच्या पेशींची माहिती येते, ती आम्ही उलगडतो. खरं झाड वर्षभरात क्वचितच हातात घेतलं असेल. पण मला मातीचा कंटाळाच आहे, त्यामुळे मी खूश!”

तेजलनं दोन प्रश्न विचारले, आभार मानले आणि फोन ठेवला.

“बघा, खूश हाय ती,” रविराज म्हणाला.

“ती आहे,” सुमनबाई म्हणाल्या. “तिचं स्थळ तिला मानवलंय. आता दुसरा लाव.”

हॉलंडचा व्हिडिओ कॉल कोल्हापूरच्या संजनानं उचलला तो काचेच्या भल्यामोठ्या हरितगृहात. हातमोज्यांना चिखल, केसांत पान अडकलेलं. “थांब गं, ही जरबेराची फुलं पाण्यात ठेवते, नाहीतर आमच्या बाई मला कुंडीत लावतील,” ती म्हणाली आणि मागून कुणीतरी खो-खो हसलं. तेजलही हसली. रूपालीनं चमकून लेकीकडे पाहिलं. किती दिवसांनी हसली होती ती!

“सध्या आम्ही गुलाबाच्या मागं लागलोय,” संजना सांगत होती. “तोडल्यावर मान का टाकतो, ते बघतोय.”

“आमचाबी टाकतो ना!” रविराज एकदम पुढे सरकला. मध्ये न बोलायचं तो पार विसरला. “मुंबईला पोचेस्तोवर निम्म्या गुलाबांच्या माना पडत्यात. पाण्यात ठेवून पाठवला तरी.”

“काका, तोडता कधी? दाखवता का दांडा?”

मग काय विचारता! रविराज उठून शेडमध्ये गेला. तेजल मोबाईल धरून मागे, रविराज गुलाबाचा दांडा कॅमेऱ्यासमोर धरून उभा, आणि तिकडून संजना म्हणतेय, “जरा खाली काका, अजून खाली.” तेजल मध्येच इंग्रजीत काही विचारायची, संजना उत्तर द्यायची, दोघी वाद घालायच्या. अंगणात चहा गार झाला.

फोन संपल्यावर रविराज हातातल्या गुलाबाकडे बघत राहिला.

“आक्का, हिला मी असं बोलताना कधी बघितलंच नव्हतं.”

“ते स्वयंपाकघरातलं हसू होतं, रवी.”

तो ओट्याच्या कडेला टेकला. “पण नाक्यावर लोक काय म्हणतील? मल्हारीभाऊ तर हसून हसून...”

“चार दिवस हसतील. पाचव्या दिवशी तिथं दुसऱ्या कुणाचा वाढदिवस लागेल. पोरीला मात्र दोन वर्षं रोज सकाळी उठून तिथं जायचंय. अरे, ते इंग्लंडचं वाईट आहे असं कुठं म्हणतेय मी? मोठंच आहे. एखाद्या दीपमालेसाठी तेच पहिल्या नंबरचं. पण नंबर काढणाऱ्यांनी आपल्या तेजलला बघितलंय का?”

रविराजनं लेकीला हाक मारली. “तेजल, खरं सांग. तुझ्या मनात हॉलंड होतं ना?”

“हो, पप्पा.”

“मग बोलली का नाही गं?”

“तुम्ही इतके खूश होतात.”

रविराजनं डोळे पुसले, मग शिडी खांद्यावर टाकली आणि नाक्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, गुढी उभारून झाली आणि मल्हारीभाऊ आलेच. “काय रे रवी, फ्लेक्स काढला? पोरीला नाय म्हणले का ते?”

“ते हो म्हणले, भाऊ. पोर नाय म्हणली. ती हॉलंडला चाललीय, फुलांचं शिकायला.”

“नंबर कितवा त्याचा?”

“लय खालचा,” रविराज हसला. “पण गुलाबाची मान धरून ठेवत्यात म्हणे.”

मल्हारीभाऊ हसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ते ओट्यावर बसले. रूपालीनं दिलेली साखरेची गाठी हातातच राहिली. “आमचा रुद्र फोनवर ‘बरंय’ एवढंच म्हणतो,” ते हळूच म्हणाले. “मी त्याला कॉलेजचंच विचारतो नेहमी. त्याला करमतं का, ते कधी विचारलंच नाय.”

“मग आज सण आहे. लावा फोन,” सुमनबाई म्हणाल्या.

वाचकहो, आपण भाजी घेताना जुडी उलटून बघतो, आणि मुलांचं शिक्षण मात्र लोकांनी दिलेल्या क्रमांकावर ठरवतो. नावाला किंमत असते, ती नाकारू नये. पण ते नाव ओसरीवर ऐकून झालं की पाणी प्यायच्या निमित्तानं एकदा आत जावं. तिथं आपलं लेकरू हसेल का, हे बघावं. आणि सगळ्यात आधी लेकरालाच विचारावं, तेही फ्लेक्स लावायच्या अगोदर.

नाक्यावरून काढलेला तो फ्लेक्स रविराजनं फेकला नाही. अंगणात पालथा अंथरला आणि त्यावर झेंडू ओतला. तेजल त्याच्या काठाला बसून गुणगुणत फुलं निवडत होती.