रुळाच्या वाटेवरचं गाऱ्हाणं

कोकणात रेल्वे आली त्याच्या कितीतरी आधी शर्मिलाच्या वाडीत रूळ होते. खाणीच्या मालगाडीचे. डोंगरातली माती भरायची, राईतून न्यायची आणि खाडीवर नेऊन ओतायची. मग खाण बंद पडली, रूळ भंगारात गेले आणि ऐन-किंजळीच्या सावलीतून जाणारी ती सरळ, सपाट वाट तेवढी उरली. आता तिला रंगीत पाटी लागली आहे. तारकर्लीला उतरलेले पाहुणे रिक्षा करून येतात, भाड्याच्या सायकली घेतात आणि राईत शिरल्यावर "किती शांत आहे ना!" असं एकमेकांना ओरडून सांगतात.

शर्मिलाच्या नवऱ्याला, भिकाजीला, कंपवात झाला तेव्हा या वाटेचा त्याला उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं. त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला की राहिलाच. आतून ती म्हणायची, "आत येतास की पाहुण्यासारखो निरोप धाडूचो?" तो हसायचा. पुढे चेहराही आखडला आणि हसू फक्त डोळ्यांत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, सायकल चालवून बघा. शर्मिलाला वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी बिघडलंय. पण तिने कॅरियर धरून त्याला सायकलवर बसवलं मात्र, तो निघाला. चालता न येणारा माणूस झाडांच्या सावल्या कापत सुसाट गेला आणि ती मागून साडी खोचून धावली. बसताना धरावं लागे, उतरताना धरावं लागे. मधली वाट त्याची एकट्याची.

राईच्या मधल्या भागात रुळांखालची आडवी लाकडं तशीच राहिली होती. तिथे उतरला की त्याचे पाय लाकूड बघून आपोआप उचलले जात. एक लाकूड, पुढचं लाकूड. अगदी पूर्वीसारखा, जरा ताठ्यातच. आडवी रेघ दिसली की या आजारात पाऊल पडतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिथे राखणदाराचं, वाडी राखणाऱ्या देवाचं, स्थळ होतं, म्हणून शर्मिलाने आधी ते श्रेय त्यालाच देऊन टाकलं होतं आणि मग परत घ्यायला तिला बरं वाटलं नाही.

राखणदाराची वार्षिक जवळ आली. त्या दिवशी सगळी वाडी जमते आणि एक जण उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे गाऱ्हाणं घालायचा मान भिकाजीच्या घरचा. एके काळी त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा. नोकरी सुटली, सही वाकडी झाली, शर्टाची बटणं शर्मिलाकडे आली. हे एवढंच त्याचं म्हणून उरलं होतं.

त्याचा चुलतभाऊ बाबली येऊन ओट्यावर बसला. माणूस वाईट नव्हता, तेच अवघड होतं.

"वयनी, यंदा गाराणा मी घालू? दादाचो आवाज देवाक पण आयकाक येवचो नाय."

"देवाक कान आसत, भावजीनू. तुमच्या कानांचा माका म्हायत नाय."

"तसा नाय गो. पण देवाच्या हद्दीच्या आत वाहनावर कोण जाणा नाय. दादाक चलत येंवक व्हया. इलो चलत, तर मान त्याचोच. मी पयलो व्हय म्हाराजा म्हणतलंय."

"येतले," शर्मिला म्हणाली. तिथे लाकडं होती.

वार्षिकच्या आदल्या दिवशी ती स्थळ झाडायला गेली, तर लाकडं नव्हती. पाहुण्यांना सायकलवर हिसके बसतात म्हणून कंत्राटदाराने वर लाल माती टाकून रोलर फिरवला होता. वाट छान गुळगुळीत दिसत होती. तिने पायाच्या अंगठ्याने उकरून पाहिलं. नख तुटलं.

भिकाजीला तिने काही सांगितलं नाही. सकाळी तो सायकलवर गेला, हद्दीच्या चिऱ्यापाशी तिने त्याला उतरवलं. त्याने पुढे पाहिलं. सपाट माती. पाय रुतल्यासारखे झाले. पलीकडे झाडाखाली वाडी थांबली होती. बाबली दुसरीकडे बघत घसा साफ करत होता.

बाजूला माडाची सुकी झावळी पडली होती. शर्मिलाने तिचे हीर, पातींमधल्या लांब काड्या, ओढून काढले आणि त्याच्या पायांपुढे आडवे टाकले. त्याने पाऊल उचललं. मागे राहिलेला हीर ती उचलायची आणि पुढे नेऊन टाकायची. वाकून, वाकून. सायकलवरचं एक पाहुणं जोडपं थांबलं आणि ही इथली प्रथाच असावी अशा भक्तिभावाने मोबाईलवर टिपू लागलं.

"काकी, ह्या नवीन काय गो?" शेजारची सारिका कुजबुजली.

"नवऱ्याक देवाकडे नेवची रीत. शिकान ठेव."

तो पोचला. शर्मिलाने त्याचा कोपर धरला. त्याने नारळावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

आवाज नव्हताच. ओठ तेवढे हलत होते. पुढच्या रांगेने मान पुढे केली, मग सोडून दिली. पण ओठ थांबले तसा बाबली शब्दाला जागला आणि गरजला, "व्हय म्हाराजा!" त्यामागून सगळी वाडी. आपला माणूस उघडा पडू नये म्हणून दरवर्षीपेक्षा दुप्पट जोराने.

शर्मिलाला मात्र कोपराजवळून ऐकू येत होतं. पोराबाळांचं, शेताचं, पाण्यावर गेलेल्यांचं. नेहमीचंच सगळं, नेहमीच्या क्रमाने. तीही सगळ्यांबरोबर म्हणत होती. तिचे डोळे भरून आले होते. यंदाचं निभावलं होतं.

"...आणि म्हाराजा, ह्या बायलेची कंबार मोडली माझ्यापायी. तिका माझ्यातसून सोडय. वर्साच्या आत माका ने."

ओठ थांबले.

"व्हय म्हाराजा!" राई दणाणली. आणि त्यात तिचाही आवाज होता. सवयीने, सगळ्यांच्या बरोबर, स्पष्ट. शब्द तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तोंडातून होकार गेलेला होता.

नारळ फुटला. प्रसाद वाटला गेला. बाबली डोळे पुसत तिच्यापाशी आला.

"वयनी, चुकलंय मी. फुडल्या वर्साक पण दादाच घालतलो. ठरला."

वाडीने यालाही मान डोलावली. शर्मिलाने हीर गोळा केले, परतीला पुन्हा त्याच्या पायांपुढे टाकायला.

चिऱ्यापाशी तिने कॅरियर धरलं, त्याचा पाय पॅडलवर ठेवून दिला. तो निघाला नाही. पुढे बघत त्याने विचारलं. तिला वाकून कान लावावा लागला.

"आयकलंस?"

"नाय," ती म्हणाली. "तुमचो आवाज आता खंय येता."

"मगे बरा," तो म्हणाला.

तिने ढकललं आणि सायकल सावल्यांतून सरळ, सुसाट निघाली. ती मागून धावली नाही. चालत राहिली, सपाट केलेल्या त्या मातीवरून.