बिननावाचे पत्र

मी एक जुना कीबोर्ड आहे. रत्नागिरीत मांडवीच्या एका घरात, कपाटाच्या माथ्यावर, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला. माझी काही अक्षरे पुसली गेली आहेत आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने आतले स्क्रू गंजले आहेत. मित्रांनो, माझ्या जातीला तुम्ही आजवर बोटांनी बडवलेच असेल. आज जरा ऐकूनही घ्या.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. २००४ साली एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानातून ऋजुताने मला विकत घेतले आणि रिक्षातून घरी आणताना माझे खोके मांडीवर धरले. तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले.

आम्हा कीबोर्डांची एक अडचण असते. आम्ही टेबलावर उताणे पडलेले असतो आणि पडदा आमच्या डोक्यामागे असतो. त्यामुळे जगात काय चालले आहे ते आम्हाला दिसत नाही, दिसतो तो फक्त समोरच्या माणसाचा चेहरा. पण ऋजुताची आई आनंदीबाई ई-मेलने आलेले प्रत्येक पत्र मोठ्याने वाचत असत, म्हणून माझे काही अडले नाही.

आनंदीबाई एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून होत्या. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, उत्तर त्याच दिवशी पाठवायचे आणि टेबल मोकळे करूनच घरी जायचे, असा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आंबापोळी आणि फणसपोळी करायला घेतली. आतल्या गावातून सोनूबाई आणि आणखी काही बायका कामाला येत. ऋजुताने इंटरनेटवर दुकान मांडून दिले आणि बघता बघता परदेशातली मराठी मंडळी आंबापोळी मागवू लागली. त्यांचे पैसे आधी एका ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या खात्यात जमा होत आणि मग तिथून बँकेत येत.

पुढे ऋजुताला पुण्यात नोकरी लागली. निघताना तिने आईला बजावले, "कंपनीचं पान उघडायचं ना आई, तर पत्ता दर वेळी स्वतः टाइप करायचा. आळस करायचा नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुला एकटीला जमेल ना ग? नाही जमलं तर मी नोकरी सोडून येते."

"सोडून येतेस काय! तू जा निवांत," आनंदीबाई म्हणाल्या.

आणि त्यांना जमले. आमरसाचे हात धुऊन, पुसून त्या माझ्यापुढे बसत आणि एका बोटाने तो लांबलचक पत्ता टाइप करत. चुकला की पुन्हा. खंडेनवमीला माझी पूजा झाली. तेव्हाची हळद अजून माझ्या फटींत आहे. मला मान होता, हे मी सांगणारच. शेजारी तो माउस बसलेला असे, नुसती टिचकी मारून फुशारणारा. त्याचे आणि माझे कधी फारसे पटले नाही.

मग २००६ सालचा मे महिना आला. तेव्हा दुपारी वीज जाई ती चांगली दोन-तीन तास येत नसे. वीज जायच्या आत पत्रे उरकायची म्हणून आनंदीबाई घाईने बसल्या आणि वाचू लागल्या.

"प्रिय ग्राहक, आपल्या खात्यात संशयास्पद व्यवहार आढळला आहे. चोवीस तासांत खात्री करून न दिल्यास खाते कायमचे बंद करण्यात येईल. खालील दुव्यावर टिचकी मारावी."

त्यांचा चेहरा ताठ झाला. कचेरीत इतकी वर्षे काढलेल्या बाईला 'कायमचे बंद' या शब्दांनी घाम फुटणारच. "वर कंपनीचं बोधचिन्ह आहे, खाली अधिकाऱ्याचं नाव आहे," त्या पुटपुटल्या. शिक्का बरोबर आहे ना, सही आहे ना, एवढे बघून त्यांनी आयुष्यभर कागद आत घेतले होते. हाही घेतला आणि त्याच दिवशी उत्तर पाठवायला निघाल्या.

त्या दिवशी पत्ता टाइप करायला मला कोणी हात लावला नाही. माउसने एकच टिचकी मारली. पुढचे पान उघडल्यावर मात्र पासवर्डसाठी ते बोट माझ्याकडे आले. अक्षरे एकेक करून पडली आणि शेवटी एंटर. पाठोपाठ कार्डाचा नंबर विचारला गेला. आनंदीबाई कार्ड आणायला आत गेल्या आणि तेवढ्यात वीज गेली.

"गेली वाटतं! आता उरलेलं नंतर," त्या आतूनच म्हणाल्या.

बाहेर येऊन त्या वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या. मग हात हळूहळू थांबला. "माझं नाव कुठे होतं त्यात?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. कंपनीची आजवरची सगळी पत्रे त्यांच्या नावाने आली होती. हे नुसते 'ग्राहक' म्हणाले होते. "बिननावाचा कागद मी कचेरीत परत पाठवला असता. आणि स्वतः होऊन पासवर्ड विचारतं का कोणी?"

वीज गेल्यामुळे पासवर्ड बहुधा पोचलाच नसेल, अशी समजूत त्यांनी करून पाहिली. एंटर दाबला गेला होता, हे मला ठाऊक होते. पण मी कीबोर्ड. दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि विजेशिवाय तेही नाही.

फोन हाताशीच होता. त्याला विजेची गरज नव्हती. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ऋजुताला सांगावे तर ती नोकरी सोडून यायची. न सांगावे तर खाते चोराच्या हाती. बाईंना लाज वाटत होती, आणि ती भीतीपेक्षा मोठी होती.

इतक्यात सोनूबाई दारात आली. "वैनी, ऊन कललाय, वाळवणाची ताटा आत घेव का?" मग बघून म्हणाली, "काय झाला? तोंड असा का उतरलाय?"

"काही नाही ग. उकडतंय."

"बरा. शनवारी पैसं मिळतील ना? माज्या ओमकारची शाळेची फी भरायची हाय."

"मिळतील," आनंदीबाई म्हणाल्या. सोनूबाईची पाठ वळताच त्यांनी पुण्याचा नंबर फिरवला.

"ऋजुता, मी चुकले. आधी पासवर्ड बदल, मग काय बोलायचं ते बोल."

ऋजुताने ऑफिसातूनच पासवर्ड बदलला आणि कंपनीला कळवले. तोवर कोणीतरी खात्यात शिरून एक महागडा कॅमेरा घेऊन मोकळे झाले होते. बाकीचे पैसे वाचले. शनिवारी सोनूबाईला मजुरी मिळाली. कॅमेऱ्याचे पैसे कंपनीने बऱ्याच लिखापढीनंतर परत दिले. ती लिखापढी माझ्यावरच झाली.

रविवारी ऋजुता आली. घरात पाऊल टाकताच म्हणाली, "आई, मी परत येते इथे."

"मुळीच नाही. चुकले मी, आणि नोकरी तू सोडायचीस?"

"आणि पुन्हा असं पत्र आलं तर?"

ते आलेच, ऋजुता घरात असतानाच. अशी पत्रे एकदा दार सापडले की पुन्हा येतात. ती आईच्या मागे हात बांधून उभी राहिली. आनंदीबाईंनी मोठ्याने वाचले. 'प्रिय ग्राहक', पुन्हा चोवीस तास, पुन्हा टिचकी. त्यांनी बाण दुव्यावर नुसता नेला आणि न दाबता खाली उमटलेला खरा पत्ता वाचला. तो भलत्याच कुणाचा होता. मग माउसवरून हात काढून त्यांनी कंपनीचा पत्ता माझ्यावर टाइप केला, एका बोटाने, सावकाश. खाते जागच्या जागी होते. ते खोटे पत्र त्यांनी कंपनीच्या तक्रार विभागाकडे धाडले आणि उठल्या. ऋजुता रात्रीच्या गाडीने पुण्याला गेली.

पुढे लॅपटॉप आला आणि मला अभ्र्यात घातले गेले. कोणी झटकत नाही, कोणी विचारत नाही. वाईट वाटते, नाही कशाला म्हणू. पण परवा दुपारी खाली फोन वाजला. आनंदीबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, बँकेकडून पत्र आलंय. आजच्या आज माहिती द्या म्हणतात. मला घाम फुटलाय ग. तू ऐकतेस का जरा?"

"थांब. काही दाबू नकोस," आनंदीबाई म्हणाल्या. "खुर्ची घेते. मग सावकाश वाच."

मित्रांनो, खरे-खोटे मला कळत नाही. तुम्ही दाबाल ते मी पुढे पाठवतो आणि पाठवलेले परत आणू शकत नाही. म्हणून दाबण्याआधी आपल्या कुणाला तरी वाचून दाखवा. आणि दाबून बसलाच असाल, तर लाजत बसू नका, फोन उचला.